दुर्मिळ, पण दुर्लक्षणीय नव्हे

ओठांवर फोड उठविणारा हर्पिस विषाणू बहुसंख्य माणसांच्या शरीरात आयुष्यभर निमूटपणे वास करतो. क्वचित एखाद्या बालकाच्या बाबतीत मात्र तोच मेंदूत शिरतो आणि प्राणघातक मेंदूज्वराला कारणीभूत होतो. इतर रोगजंतूंशी यशस्वीपणे झुंजणारे मूल या एकाच शत्रूपुढे का हरते, हे कोडे वैद्यकाला दीर्घकाळ उलगडले नव्हते. २००६ व २००७ साली झां-लोराँ कासानोव्हा यांच्या पॅरिसमधील संशोधकांना अशा काही मुलांमध्ये जन्मजात जनुकदोष आढळले. पण टीएलआर ३ या जनुकात दोष असलेल्या मुलांच्या रक्तातील श्वेतपेशी या विषाणूला योग्य तो प्रतिसाद देत होत्या. दोष मेंदूतच असावा, असा तर्क होता. पण जिवंत मुलाच्या मेंदूतील पेशी तपासासाठी काढायच्या कशा?

ही अडचण मूलपेशींनी दूर केली. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा गर्भावस्थेसारख्या मूलपेशींचे रूप दिले. या कार्याबद्दल २०१२ साली त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी कासानोव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या त्वचेपासून मूलपेशी आणि त्यांपासून मेंदूतील चेतापेशी घडविल्या. निरोगी पेशींच्या तुलनेत त्या हर्पिसला सहज बळी पडल्या. निर्दोष जनुक किंवा बाहेरून इंटरफेरॉन पुरविताच त्यांची प्रतिकारशक्ती परतली. रोगप्रतिकार ही केवळ रक्ताची मिरासदारी नाही, मेंदूच्या पेशीही स्वतःचे रक्षण करतात, हा धडा मूठभर रुग्णांनी साऱ्या वैद्यकाला दिला.

क्षय आणि रक्तक्षय जेथे अजून हटलेले नाहीत, तेथे अशा दुर्मिळ रोगांची चिंता कशासाठी, असा प्रश्न काही जण विचारतील. तो गैरलागू नाही; पण त्यात गफलत आहे. प्रतिकारशक्तीचे जन्मजात विकार आज पाचशेहून अधिक ज्ञात आहेत. एकेकटा विकार दुर्मिळ असला, तरी सर्वांची बेरीज नगण्य नव्हे. शिवाय ते सार्वजनिक आरोग्याशी थेट निगडित आहेत. आपल्याकडे जन्मतःच दिली जाणारी बीसीजी लस कोट्यवधी मुलांना निर्धोक ठरते. पण तीव्र संयुक्त प्रतिकारहीनता असलेल्या अर्भकात त्याच लसीतील जंतू शरीरभर पसरू शकतात. घरात एकामागून एक अर्भके दगावली, तर त्याचे खापर आजही नशिबावर फोडले जाते.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणात अशा काही विकारांचा समावेश असून, ५० लाख रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद पुढे करण्यात आली. परंतु निदानच झाले नाही, तर हे साहाय्य कोणाच्या पदरात पडणार? मुंबईत परळ येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीमध्ये असे निदान होते. तेथवर रुग्ण पोहोचण्यासाठी जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरला वेळीच शंका यावयास हवी. निदानानंतर कुटुंबाच्या संमतीने पेशी जतन झाल्या, तर आपल्या रुग्णांच्या विकारांचा अभ्यास आपल्याच प्रयोगशाळांत होऊ शकेल.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. प्रयोगशाळेतील या पेशी अभ्यासाचे साधन आहेत, औषध नव्हेत. यांपैकी अनेक विकारांवर अस्थिमज्जेचे रोपण हाच प्रस्थापित उपचार आहे. 'स्टेम सेल'च्या नावाने कोणत्याही व्याधीवर हमखास गुणाची जाहिरात करणाऱ्यांचा या शास्त्राशी संबंध नाही. रक्तविकारांतील मान्य रोपण वगळता असे उपचार केवळ रीतसर चाचणीतच व्हावेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हतबल आईबापांच्या आशेचा बाजार रोखणे आणि खऱ्या संशोधनाला बळ देणे, ही दोन्ही कर्तव्ये शासनाचीच आहेत. एक पार पाडले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.