पुढच्या चाकाचे बेअरिंग आणि व्यापाऱ्याची वही

कापडाचा व्यापारी गाठ उघडून प्रत्येक थान तपासतो. डाग, कटपीस, मापातली तूट यांपैकी काहीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. पण तीच गाठ ज्या टेम्पोवरून येते, त्याच्या चाकाच्या आत काय चालले आहे हे त्याला ठाऊक नसते. ते ड्रायव्हरचे आणि मिस्त्रीचे काम, असे आम्हीही वर्षानुवर्षे म्हणत आलो. आज आमचे मत बदलले आहे. ते का बदलले, हे आमच्यासारख्या जुनी गाडी बाळगणाऱ्या छोट्या व्यापारी व कारागीर बांधवांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

आमच्याकडे जुनी ४०७ आहे. टाटांनी ही गाडी १९८६ साली बाजारात आणली आणि गावोगावच्या व्यापाऱ्यांच्या अंगणात ती घरच्या बैलासारखी उभी राहिली. चिंचणीहून सुरत आणि भिवंडी ही आमची नेहमीची वाट. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत सुरतेहून साड्यांच्या गाठी भरून गाडी निघाली. तलासरी ओलांडून चारोटीच्या अलीकडे ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, डाव्या चाकातून जळका वास येतोय. हबला हात लावता येत नाही." आम्ही म्हटले, "जागेवरच थांब, एक पाऊलही पुढे नेऊ नकोस."

तो थांबला, म्हणून आम्ही आज हे लिहितो आहोत. पुढच्या चाकाचे बेअरिंग पूर्ण फुटले तर हब स्टब एक्सलवर बसून राहत नाही. चाक, ड्रम आणि ब्रेक एकदमच जातात. महामार्ग ४८ वर, ज्याला आमच्या वयाची माणसे अजून आठ नंबरचा हायवे म्हणतात, रात्रीच्या ट्रकांच्या रांगेत चाक सुटणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. नुकसान आमच्या गाठींचे झाले असते ते भरून निघाले असते. केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे काय?

त्या रात्री दुसरी गाडी भाड्याने आणून माल चढवावा लागला. पन्नास हजारांवरचा परराज्यातला माल म्हणजे ई-वे बिल आले. गाडी बदलली की बिलाच्या भाग ब मध्ये नव्या गाडीचा क्रमांक भरावा लागतो. बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. ती संपत असेल तर संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांच्या आत वाढवून घ्यावी लागते. ही धावपळ आम्ही रस्त्याच्या कडेला मोबाइलच्या उजेडात केली. दुसऱ्या गाडीचे भाडे आणि हमाली मिळून जो खर्च झाला, त्यात दोन्ही चाकांची बेअरिंगे नवी बसवून वर पैसे उरले असते.

आता दोष कोणाचा? गाडीचा नव्हता, मिस्त्रीचा नव्हता, ड्रायव्हरचा तर मुळीच नव्हता. दोष आमच्या वहीचा होता. गाडीला ग्रीस कधी घातले, तेल कधी बदलले याची नोंद आम्ही नियमाने ठेवतो. पण आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, हात उर्दूलाच वळतो, म्हणून वहीही उर्दूत. ती आमच्या गल्ल्यात कुलूपबंद. त्यात स्पष्ट लिहिले होते की पावसाळ्याआधी पुढची चाके खोलायची आहेत. सीझनच्या गडबडीत आम्ही पान उलटले नाही आणि ज्याचा जीव त्या चाकावर होता त्याला ते वाचता येत नव्हते. नोंद होती, पण तिचा कोणालाच उपयोग झाला नाही.

गाडी घरी आणल्यावर एका जुन्या उस्तादांना अंगणात बोलावले. त्यांनी हब खोलला तेव्हा आतले ग्रीस ताकासारखे पांढरे झालेले होते. उस्ताद म्हणाले, "शेठ, पाणी गेलंय. सील केव्हाच संपलं होतं." आमच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर पाऊस, वर्षभर खारी हवा, रस्त्यावर साचलेले पाणी. ऑइल सील झिजले की पाणी आत शिरते, ग्रीस फाटते आणि रोलर कोरडे फिरू लागतात. आम्ही त्या दिवशी खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसलो आणि प्रत्येक गोष्ट विचारली. पुढच्या खेपेला ड्रायव्हरने आणि आम्ही उस्तादांच्या देखरेखीखाली स्वतः काम केले. आता दर मे महिन्यात ते घरीच होते.

या चाकात निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगे असतात, आतले मोठे आणि बाहेरचे लहान. ही रचना अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने १८९८ साली पेटंट करून घेतली. वळणावर चाकावर वरून आणि बाजूने असा दोन्हीकडून भार येतो, तो झेलता यावा म्हणून रोलर निमुळते. आज जयपूर, जमशेदपूर आणि पुण्याजवळ चिंचवडला आपल्याच देशात बेअरिंगे बनतात. तेव्हा अस्सल माल मिळत नाही ही सबब चालणार नाही.

बेअरिंग गेले हे ओळखायचे कसे? वेगाबरोबर वाढणारी घरघर ही पहिली खूण. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखड लागली की प्ले आहे. पण तो किंगपिनचाही असू शकतो. म्हणून दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. एवढी एक गोष्ट माहीत असली तरी मालक चुकीच्या कामाचे पैसे देत नाही.

काम करताना पहिली काळजी जिवाची. आमच्याकडे जमीन रेताड, म्हणून जॅकखाली जाड फळी हवी. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये, एक्सलखाली मजबूत घोडी लावावी. ड्रममधली धूळ फुंकू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावे. ड्रम अडला तर हाणू नये, ब्रेकचे ॲडजस्टर सैल करावे.

दुसरी गोष्ट, कप आणि कोन जोडीने बदलावेत. हबमध्ये घट्ट बसलेला जुना कप काढायला मेहनत लागते, म्हणून पुष्कळ जण तो तसाच ठेवून आतले रोलर नवे घालतात. जुन्या कपावरचे चरे नव्या रोलरला थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात. कप पितळी पंचने समोरासमोर आलटून-पालटून ठोकून काढावा आणि नवा तसाच सरळ बसवावा. तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो. कडक पोलादावर थेट हातोडी मारू नये, त्याची कपची उडते. आमच्या चिंचणीत दागिन्यांच्या डाय बनवणारे कारागीर आहेत, त्यांना हे सांगावे लागत नाही. पाणी दिलेले पोलाद वाकत नाही, तुटते. तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा.

ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या रुंद बाजूने दाबत जावे, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. हब मात्र ठासून भरू नये, गरम होतो. दोन जातींची ग्रीस मिसळू नयेत. सील दर वेळी नवे. शेवटी चाक फिरवत नट आवळावा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग तो सैल करून कंपनीच्या पुस्तकात दिले आहे तेवढाच प्ले ठेवावा. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट सोडून जुळवावा, आवळून नाही. पिन नवीच वापरावी. चाकाचे नट समोरासमोरचे आवळावेत. पन्नासेक किलोमीटर चालवून थांबावे, हब हाताने पाहावा आणि नट पुन्हा तपासावेत.

काही बांधव म्हणतील, व्यापाऱ्याने गजपट्टी सोडून पाना का धरावा? धरलाच पाहिजे असे आमचे म्हणणे नाही. ज्याला जमत नाही त्याने खुशाल मिस्त्री बोलवावा. पण काम आपल्या अंगणात, आपल्या डोळ्यांसमोर व्हावे आणि मिस्त्रीला दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी. मजुरीत पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणारा मालकच मिस्त्रीला घाई करायला लावतो. मग कप जुनाच राहतो, सील जुनेच राहते. सुट्या भागांचेही तेच. बाजारात नकली बेअरिंग अस्सल डब्यात विकले जाते. रिंगवरचा नंबर जुन्याशी ताडून पाहावा, छपाई पुसट किंवा नावाचे स्पेलिंग वेडेवाकडे असेल तर घेऊ नये आणि पक्के बिल मागावे. नकली जरीला आपण एका नजरेत ओळखतो, मग इथेच डोळे का मिटावेत?

कोणी म्हणेल, फिटनेस आहे ना! आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, हे खरे. पण ती एका दिवसाची परीक्षा आहे. उरलेले ३६४ दिवस गाडी मालकाच्या भरवशावर चालते.

आम्ही एक बदल केला. गाडीची नोंदवही आता गल्ल्यात नसते, केबिनमध्ये असते, आणि ती मराठीत आहे. आमचे मराठी अक्षर फारसे चांगले नाही, ड्रायव्हर हसतो, पण वाचतो. मागच्या मे महिन्यात आम्ही विसरलो होतो. त्यानेच वही उघडून पुढे धरली, "शेठ, चाकं खोलायची तारीख निघून चाललीय." आम्ही दुकान अर्धा दिवस बंद ठेवले.

ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्या बांधवांना एवढीच विनंती, पावसाआधी एक दिवस तिच्यासाठी काढा आणि तिची वही तिच्या ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत लिहा.