लपवण्यासारखे काय आहे?

आमच्या घराला खोल्या दोन आणि माणसे सहा. अशा घरात वाढलेल्या मुलीने खाजगी आयुष्याविषयी लेख लिहावा, याचे काहींना हसू येईल. गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाची माहिती दिली. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्या नऊंमध्ये आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, हे ऐकून वर्गाला अभिमान वाटला. मला मात्र वाटले, ज्याला स्वतःची खोलीच नाही त्याने या हक्काचे करायचे काय? तो ठेवायचा तरी कुठे?

पुढे विचार करता ध्यानात आले की आमच्या घरातही तो होता. आत्या सासरहून रडत आली की आई आम्हा पोरांना साखर आणायला पिटाळीत असे, डबा भरलेला असला तरी. बाबांची लोखंडी पेटी कुलपाविना पलंगाखाली असे, पण तिला कुणी हात लावत नसे. आजी सांगते, तिच्या गावी पोस्टमनच पत्र वाचून दाखवी. साऱ्या गावाची सुखदुःखे त्याला ठाऊक, पण एका घरची गोष्ट त्याच्या तोंडून दुसऱ्या दारी गेली नाही. भिंती नव्हत्या म्हणून माणसांनी आपले कान आवरले होते.

मग घरात मोबाईल आला. बाबा कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. आमच्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच. प्रवेश घेतला त्या दिवशी बाबांनी जुना फोन हातात दिला आणि म्हणाले, "पोरी, फोन ने, पन तू कुठी हाय ते आमाले दिसलं पायजे." अटी ठरल्या. फोनला कुलूप लावायचे नाही, ठिकाण दाखवणारी सोय बंद करायची नाही आणि रात्री फोन दादाच्या उशाशी ठेवायचा. दादा वाईट माणूस नव्हे. एकदा पावसात बस बंद पडली तेव्हा त्या नकाशावरच पाहून तो मला न्यायला आला होता, हे मी विसरलेली नाही. पण तोच रात्री एकेक निरोप खाली सरकवीत विचारतो, "काऊन वं, हा कोन?" तो हा म्हणजे टिपणे मागणारा वर्गबंधू असतो. मी आता असे निरोप आधीच पुसून टाकते. त्यात काही नसते, तरीही पुसते. काही नसलेले पुसायला लागणे म्हणजे काय, हे ज्याचा फोन कधी कुणी चाळला नाही त्याला सांगून समजणार नाही.

या सवयीची किंमत मला एका मैत्रिणीच्या बाबतीत कळली. (तिचे नाव लिहीत नाही, या लेखाला ते शोभणार नाही.) तिच्या घरी लग्नाची बोलणी सुरू होती आणि तिला शिकायचे होते. तिचाही फोन तिचे काका पाहत. म्हणून तिने मला एवढेच लिहिले, 'उद्या भेटू, बोलायचे आहे.' मीही 'बरं' लिहिले आणि दोन्ही ओळी पुसल्या. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतरही आली नाही. त्या रात्री फोनवर दहा मिनिटे मोकळे बोलता आले असते तर काही वेगळे घडले असते, असा माझा दावा नाही. पण ती दहा मिनिटे आम्हा दोघींची होती आणि ती आम्हाला मिळाली नाहीत.

घरचे निदान समोर बसून पाहतात. न सांगता ऐकणारे कान निराळे. आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. भंडारा-गोंदियाचे माजी खासदार नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत आरोप केला की, २०१६-१७ या काळात त्यांचा फोन 'अमजद खान' या नावाने, अमली पदार्थांचा व्यापारी दाखवून ऐकला गेला. अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांचा फोनही असाच दुसऱ्याच एका मुसलमान नावाखाली ऐकल्याचे पुढे आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. दरम्यान राज्यात सरकार बदलले, पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. म्हणजे कोणी दोषी ठरले नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

तरीही एक शंका उरते. १८८५ च्या तार कायद्याखाली फोन ऐकण्याची मुभा होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला लगाम घातला. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे २०२४ चे नियम आहेत. गृहसचिवांचा आदेश लागतो, तो साठ दिवस चालतो, वाढवून एकशेऐंशी दिवसांपर्यंत नेता येतो आणि एक समिती त्याची फेरतपासणी करते. पण समितीवर सारे सचिवच, न्यायाधीश एकही नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवण्याची सक्ती नाही. आणि कागदावर नावच दुसऱ्याचे असेल तर समिती काय तपासणार? पटोल्यांचा आरोप खरा धरला तर, नाव निवडणाऱ्याने हेही हेरले असणार की अमुक धर्माचे नाव आणि अमली पदार्थ एवढे लिहिले की कोणी दुसऱ्यांदा विचारीत नाही. ही गोष्ट मला फोन ऐकण्याहूनही अधिक अस्वस्थ करते.

दुसरे उदाहरण तर शहरातलेच. भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झालेले नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांची बाजू मांडणारे तरुण वकील निहालसिंग राठोड यांना ऑक्टोबर २०१९ मध्ये कळवण्यात आले की, पेगासस या इस्रायली हेरप्रणालीने त्यांचा फोन लक्ष्य केला होता. जगभरच्या सुमारे चौदाशे जणांत ते एक. सरकारने बेकायदा पाळतीचा इन्कार केला. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, त्यांतल्या पाचांत घातक प्रणाली सापडली, पण ती पेगाससच असल्याचा पुरावा मिळाला नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने नोंदवल्याचे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले. वकील आणि अशिल यांच्यातले बोलणे गुप्त राहिले नाही तर खटला कसला चालवायचा?

याच शहरात सफाई कामगारांच्या मनगटावर महानगरपालिकेने जीपीएसची घड्याळे बांधली, तेव्हा मात्र कुणाला फारसे नवल वाटले नाही. पहाटे झाडू मारणारी बाई कुठे गेली, कुठे थांबली, हे पडद्यावर दिसू लागले. तिला कामावर ठेवणाऱ्या साहेबांच्या मनगटावर असे घड्याळ असल्याचे मी ऐकलेले नाही.

स्टाफरूमबाहेर या विषयावर बोलताना एक सर म्हणाले, "लपवण्यासारखे काही नसेल तर भिण्याचे कारण काय?" सरांचा मान राखून उत्तर लिहिते. आपल्या घराची झडती बिनकारण होऊ नये, हे कलम घटनेत यावे म्हणून डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत दुरुस्ती मांडली ती काझी सय्यद करीमुद्दीन यांनी. ते आपल्याच मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी, आणि त्या प्रांताची राजधानी हेच नागपूर. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली होती, तरी अखेर सभेने ती फेटाळली. लपवण्यासारखे त्या दोघांजवळ काय होते? ज्यांच्या घरात कोणीही केव्हाही शिरू शकतो, अशी माणसे त्यांना ठाऊक होती एवढेच. 'लपवायचे काय' हा प्रश्न मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकला, त्यांच्या खोलीला आतून कडी आहे.

मी घरी भांडले नाही. एवढेच म्हटले की कुठे आहे ते मी रोज आपणहून कळवीन, पण रात्री फोन माझ्याजवळ राहू द्या. बाबा काही बोलले नाहीत. अजून फोन दादाच्याच उशाशी असतो.

हा लेख मी वहीत लिहिला आणि छापायला देण्याआधी दादापुढे ठेवला, कारण त्यात तो आहे. त्याने तो सावकाश, ओठ हलवीत शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "माहं नाव टाकलं का कुठी?"

"नाही," मी म्हटले.

"मंग ठीक हाय," म्हणाला, आणि वही परत दिली.