कॅमेऱ्याची मान कोण वळवणार?

चौकाचौकात कॅमेरे बसले. ते कोणाकडे वळावेत, हे मात्र चौकातला माणूस ठरवत नाही, नियंत्रण कक्षातले साहेब ठरवतात. ही तंत्रज्ञानाची गरजच आहे, असे कोणी सांगत असेल तर त्याला अमेरिकेतील बर्कलीचे उदाहरण द्यावे.

तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्प्राउल प्लाझा या चौकाला लढ्याचा इतिहास आहे. १ ऑक्टोबर १९६४ रोजी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी तेथे टेबल मांडून बसलेल्या जॅक वाइनबर्ग या कार्यकर्त्याला पोलिसांनी पकडले. विद्यार्थ्यांनी पोलिसांची गाडीच घेरली, सुमारे ३२ तास हलू दिली नाही, आणि तिच्याच टपावरून भाषणे केली. त्या चळवळीला ४० वर्षे झाली तेव्हा, २००४ साली, प्राध्यापक केन गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी याच चौकावर एक फिरता कॅमेरा बसवला. तो इंटरनेटवरून सामान्य माणसाला चालवता येत होता.

कॅमेरा एक आणि मागणारे अनेक, मग वाटणी कशी करायची? गोल्डबर्ग आणि देझेन साँग यांनी यावर जी पद्धत घडवली तीत पडद्यावर तुकडे जोडून केलेले रुंद दृश्य दिसते. ज्याला जे पाहायचे त्याभोवती त्याने चौकट आखायची. संगणक सर्व चौकटी हिशेबात घेतो आणि सर्वांचे मिळून जास्तीत जास्त समाधान होईल तिकडे कॅमेऱ्याची मान वळवतो.

पण ही बेरीज बहुमताची! दहा जणांना कारंजे पाहायचे असेल आणि एकालाच पोलिसाची काठी, तर कॅमेरा कारंज्यावरच राहणार. हे त्या संशोधकांच्याही लक्षात आले. ज्याची मागणी वारंवार डावलली जाते त्याची साठत गेलेली नाराजी मोजावी आणि तेवढे त्याच्या मागणीचे वजन वाढवावे, असा मार्ग त्यांनी मांडला. आरक्षणाच्या नावाने गुणवत्तेचे गळे काढणाऱ्यांनी हे गणित जरूर तपासावे. ते आमच्या सभेत नव्हे, प्रयोगशाळेत मांडले गेले आहे.

अर्थात कॅमेरा सर्वांच्या हाती गेला की मोर्चातला चेहराही सर्वांच्या हाती जातो. तो उद्या गावातल्या धनदांडग्यांपर्यंत पोहोचला तर काय होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. गोल्डबर्ग यांच्या गटाने पुढे २००७ मध्ये, ठरावीक रंगाची टोपी घालणाऱ्याचा चेहरा आपोआप झाकणाऱ्या कॅमेऱ्यावर काम केले, ते याच चिंतेतून.

आपल्याकडे कॅमेऱ्याची मान वळवणे दूरच, त्याने टिपलेले हाती लागणेही कठीण. सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, आवाजही टिपणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. चित्रण १८ महिने जपायचे, तशी साधने बाजारात नसतील तरी किमान एक वर्ष. कोठडीत गंभीर मारहाण झाल्यास मानवी हक्क आयोग ते चित्रण मागवू शकतो. आम्ही वकील मंडळी जामिनाच्या धावपळीत हा अर्ज मागे ठेवतो आणि तोवर मुदत सरत जाते. कोठडीतून माणूस सुटला की त्याच आठवड्यात तारीख, वेळ आणि ठाण्याचे नाव घालून आयोगाकडे अर्ज करा, आणि त्याची पोच घ्या.