शिफारस पोहोचली, पुस्तक कधी?

शहापूर-मुरबाड : पडद्यावरील ग्रंथचर्चा आणि गावातील कपाट

१९९६ च्या गणेशचतुर्थीला ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा मराठी पुस्तकांवरील ऑनलाइन चर्चा ही प्रामुख्याने परदेशस्थ मराठीजनांची गरज होती. २००७ मध्ये ‘मिसळपाव’ आले आणि पुढे फेसबुक व व्हॉट्सअ‍ॅपवरील वाचकगटांनी ही चर्चा महानगरांच्या वेशीबाहेर नेली. पुण्यातील वाचकाने नव्या कादंबरीवर मांडलेले मत आज आसनगाव किंवा सरळगावच्या विद्यार्थ्यापर्यंत काही क्षणांत पोहोचते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो : ते पुस्तक मिळवायचे कोठून?

ठाणे जिल्ह्याची ग्रंथालय परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. मात्र ही परंपरा रेल्वेमार्गालगतच्या शहरांत जितकी बहरली, तितकी ग्रामीण भागात पसरली नाही. शहापूर तालुक्याला निदान आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके आहेत. मुरबाड शहरात रेल्वेच नाही. टोकावडे परिसरातील वाचकाने पुस्तकासाठी कल्याण गाठायचे, तर प्रवासभाडे आणि बुडालेला दिवस पुस्तकाच्या किमतीतच धरावा लागतो. भातसा आणि तानसाचे पाणी शहापुरातून मुंबईकडे जाते; मुंबईतील पुस्तके इकडे यावीत, अशी व्यवस्था मात्र उभी राहिलेली नाही.

घरपोच खरेदीचा पर्याय सुचविला जातो. परंतु अनोळखी व्यक्तीच्या मतावर विसंबून तीन-चारशे रुपये खर्चणे हे मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडणारे नसते. मग त्या पुस्तकाच्या अनधिकृत पीडीएफ प्रती फिरू लागतात आणि लेखक-प्रकाशकांचे नुकसान होते. वाचनालयाचे महत्त्व येथेच आहे. शिफारस खरी की खोटी, हे पदरचे पैसे न गमावता पडताळण्याची सोय तेथे असते. ती नसेल, तर वाचक दुसऱ्याचे मत पुढे पाठवतो. स्वतःचे मत बनवू शकत नाही.

अनुदानाचे गणित

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गवारीने शासकीय अनुदान मिळते. २०१२ च्या पडताळणीनंतर नवी मान्यता व दर्जावाढ यांना अनेक वर्षे खीळ बसली. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. याच रकमेतून कर्मचाऱ्याचे वेतन, जागा, वीज आणि नियतकालिके भागवायची. समजा, पाव हिस्सा, म्हणजे १२ हजार रुपये पुस्तकांना मिळाले, तरी आजच्या किमतीत वर्षाकाठी ३०-४० पुस्तके येतील. ऑनलाइन गटांवर तेवढ्या शिफारशी आठवडाभरातही होत असतील. निवड अपरिहार्य आहे, आणि म्हणूनच ती कोण करतो, हे कळीचे ठरते.

निवड कोणाची?

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. पोथी स्वतः वाचता यावी, या वृद्ध स्त्रियांच्या इच्छेतून जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती साकारली. काय वाचायचे, हे या आजींना कोणी सुचविण्याची गरज नव्हती. अडचण अक्षरओळखीची होती. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली या समाजांतून येणाऱ्या नव्या वाचकांनाही स्वतःची आवड आहे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या लढ्यावरचे पुस्तक आहे. अशा पुस्तकाचे या भागातील मोल येथील वाचक जितके नेमके सांगेल, तितके शहरी चर्चेतून कळेलच असे नाही.

उपाय फार दूर नाही. कसारा घाट ओलांडला की नाशिक. तेथील कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे ठरावीक काळ राहते व नंतर दुसऱ्या गटाकडे जाते. परिणामी थोड्या प्रतींवर अनेकांची भूक भागते. शहापूर व मुरबाडमधील वाचनालयांनी हीच पद्धत अंगीकारून आपापसांत पेट्या फिरवल्या, तर प्रत्येकाचे ३०-४० ग्रंथ सर्वांचे होतील. वाचकांची मागणी मोबाइलवरून नोंदवून घेता येईल आणि खरेदीची यादी तिच्या आधारे ठरेल. पेटी एसटीनेही जाऊ शकते.

यासाठी अनुदान वेळेवर मिळणे, आणि ग्रंथखरेदीचा वाटा इतर खर्चात न विरघळणे, ही पूर्वअट आहे. ती पाळली गेली नाही, तर गावातील वाचकाच्या वाट्याला पुस्तकांची नावेच तेवढी येत राहतील.