एका चिमणीचा प्रश्न

मुलाच्या हातीं बेचकी दिसली कीं त्यास रागें भरणें सोपें आहे. परंतु तेवढ्यानें पांखरांविषयीं ममता उपजते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं.

मुंबईस ता. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापिली. १९०८ सालीं एक मुलगा आपण छऱ्याच्या बंदुकीनें मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन, ही कोणती जात, असें विचारावयास तेथें गेला. चिटणीस मिलर्डसाहेबांनीं त्यास दटाविलें नाहीं. कपाटांतील पक्ष्यांचे नमुने दाखविले व वाचावयास पुस्तकें दिलीं. तोच मुलगा पुढें पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली म्हणून जगविख्यात झाला.

कोणी म्हणेल, पक्षी मोजून काय लाभ? १९९० नंतरच्या दशकांत भरतपूर येथें गिधाडें झपाट्यानें घटत आहेत, हें याच संस्थेच्या निरीक्षकांनीं मोजणी करूनच दाखविलें. गुरांस दिलेलें डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध मृत जनावरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन त्यांचीं मूत्रपिंडें निकामी करीत होतें. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं त्यावर बंदी घातली. पण तोंवर गिधाडें फारच थोडीं उरलीं होतीं. कोणी मोजलेंच नसतें, तर?

चिमणीचाही देवास विसर पडत नाहीं, अशी आमची श्रद्धा आहे. मग आपण तिचें नांवही न जाणणें शोभतें काय? विद्यार्थ्यांनो, बेचकी ठेवा व वही घ्या. पालकहो, मुलांनीं विचारिलेला प्रश्न दडपूं नका; उत्तर येत नसेल, तर त्यांच्यासह शोधावयास निघा.