सही आमची, घाई साहेबांची

थर्मिट वेल्डिंगने रूळ सांधताना दोन टोकांत साधारणपणे २५ मिलिमीटर फट हवी, टोके पुरती तापायला हवीत आणि पोलाद ओतल्यावर किमान अर्धा तास गाडी सोडायची नाही. हे सारे पाहून सही करायची ती वेल्डिंग सुपरवायझरने. पण ब्लॉकची वेळ कापणार साहेब, माणसे आणणार कंत्राटदार. आणि सांधा तुटला की चार्जशीट सुपरवायझरला! कच्चा सांधा नाकारण्याचा अधिकार कागदावर आहे. तो वापरला की बदलीची धमकी. आम्ही प्रशासनाला बजावतो : पुरा ब्लॉक द्या, रिकाम्या जागा भरा. याच रुळांवरून प्रवासी जातात, टपालाच्या थैल्याही जातात. अर्धवट कामावर आमची सही मिळणार नाही!