जे परत आले, त्यांच्यासाठी चौदा फेऱ्या

थंडी पडू लागली की गावोगावची मैदाने पहाटेच जागी होतात. कुणी पोट कमी करायला धावतो, कुणी भरतीच्या परीक्षेसाठी, तर कुणी डॉक्टरांनी दम दिला म्हणून. अलीकडे जवानांच्या नावानेही दौडी निघतात. बनियनवर तिरंगा छापतात, घोषणा होतात, फोटो निघतात आणि नऊ वाजेपर्यंत मंडळी घरी परततात. या सगळ्यात ज्यांच्यासाठी धावलो, तो माणूस कुठे असतो?

अमेरिकेत अशा व्यायामाची एक पद्धत चांगली रुजली आहे. मायकेल मर्फी हा नौदलाचा तरुण लेफ्टनंट 28 जून 2005 रोजी अफगाणिस्तानात लढताना मारला गेला. शत्रूने वेढलेल्या साथीदारांसाठी मदत मागायची होती. संपर्क जुळावा म्हणून तो आडोसा सोडून उघड्यावर गेला आणि गोळ्या झेलत त्याने निरोप पोहोचवला. 2007 मध्ये त्याला तिथले सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर देण्यात आले. त्याचा आवडता व्यायाम आज ‘मर्फ’ नावाने ओळखला जातो. आधी एक मैल धावायचे, मग शंभर पुल-अप्स, दोनशे पुश-अप्स, तीनशे बैठका आणि शेवटी पुन्हा एक मैल दौड. अंगात सुमारे नऊ किलो वजनाचे जाकीट घालायचे, ते वेगळेच! मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिथे ठिकठिकाणी गटागटाने हा व्यायाम करतात.

मात्र तो सोमवार रणांगणावरून परत न आलेल्यांच्या स्मरणाचा. सैन्यात सेवा केलेल्या सर्वांच्या सन्मानासाठी तिथे 11 नोव्हेंबर हा वेगळा दिवस पाळतात. 1918 मध्ये याच तारखेला पहिल्या महायुद्धाच्या तोफा थंडावल्या होत्या. हा फरक आपणही लक्षात ठेवायला हवा. हुतात्म्यांपुढे आपण मस्तक झुकवतो, पण जे परत आले, त्यांच्याकडे बघायचे मात्र राहून जाते.

आपल्याकडे माजी सैनिकांचा दिवस 14 जानेवारीला असतो. भारतीय सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती जनरल करिअप्पा, म्हणजेच पुढचे फील्ड मार्शल, 1953 मध्ये याच दिवशी निवृत्त झाले.

‘माजी सैनिक’ म्हटले की पिकल्या मिशांचे आजोबा डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात साधा जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. 2022 च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणारे बहुसंख्य तरुण तर पंचविशीच्या आसपासचे असतील. पहाटेचा बिगुल, कवायत, एका ताटात जेवणारे सोबती हे सारे एका दिवसात सुटते. घरची माणसे जवळ असतात, पण तुकडी नसते. मग कुणी सुरक्षारक्षकाची नोकरी धरतो, कुणी शेतीत रमतो, तर कुणी गप्प गप्प होत जातो.

शरीराने जखमी झालेल्यांना खेळाने पुन्हा उभे केल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. पोहण्याचा ध्यास घेऊन त्यांनी 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. मेजर डी. पी. सिंग 1999 मध्ये तोफगोळ्याने जबर जखमी झाले आणि त्यांना एक पाय गमवावा लागला. दहा वर्षांनी, 2009 मध्ये, ते दिल्लीची अर्धमॅरेथॉन धावले. पुढे त्यांनी अशाच अपंग धावपटूंना एकत्र आणणारी संस्था उभी केली. स्वतः धावून ते थांबले नाहीत, ही त्यातली मोठी गोष्ट.

मग आपण काय करावे? एक साधी योजना सुचवतो. येत्या 14 जानेवारीला सोसायटीतले, गल्लीतले किंवा गावातले सात-सात जणांचे गट करा. प्रत्येक गटात निदान एक माजी सैनिक असू द्या. ओळखीचा नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. चारशे मीटरच्या मैदानावर प्रत्येक गटाने चौदा फेऱ्या पूर्ण करायच्या, म्हणजे माणशी दोन. एकजण धावत असताना बाकीच्यांनी जमेल तेवढ्या बैठका काढाव्यात. ज्यांना धावणे झेपत नाही त्यांनी चालावे, चाकाच्या खुर्चीत असलेल्यांनी खुर्चीतून फेरी घ्यावी. शेवटची फेरी मात्र सगळ्यांनी मिळून, गटातल्या सर्वांत सावकाश माणसाच्या चालीने करायची. सैन्यातही मागे पडलेल्याला सोडून पुढे जात नाहीत.

थोडी पथ्येही पाळा. आधी दहा मिनिटे चालून अंग मोकळे करा. धावताना शेजाऱ्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवा. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे आणि सांगावे. वजनी जाकिटाच्या फंदात नवशिक्यांनी पडू नये. आणि उत्साहाच्या भरात फटाके वाजवू नका. युद्ध पाहिलेल्या माणसाला अचानक झालेला मोठा आवाज नकोशा आठवणींकडे नेऊ शकतो.

दौड संपल्यावर भाषणे ठेवू नका. संक्रांत त्याच सुमाराला असते, तेव्हा तिळगूळ वाटा, चहा घ्या आणि पाहुण्याला बोलू द्या. ‘किती शत्रू मारले?’ असले प्रश्न मुलांना विचारू देऊ नका. कुठे राहिलात, थंडीत काय खायचा, मित्र कोण होते, हे विचारा. त्यांना बोलायचे नसेल, तर नुसते शेजारी बसा. वीरपत्नी असतील तर त्यांनाही आवर्जून बोलवा, आणि हार घालून मंचावर बसवण्यापेक्षा आपल्यातच बसवा.

घरी जाण्यापूर्वी एकच विचारा, ‘पुढच्या रविवारी येणार ना?’ आणि पुढच्या रविवारी तुम्ही स्वतः वेळेवर हजर राहा. सन्मान त्यातच आहे.